पशुवैद्यकाला विचारा : रक्ताच्या अहवालातले आकडे आणि हाडांतला कारखाना

पावसाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या बहुतेक पत्रांना रक्ताच्या अहवालाची प्रत जोडलेली आहे. अहवाल पालकांच्या हाती थेट मोबाइलवर येतो, डॉक्टरांची भेट दुसऱ्या दिवशी असते आणि मधली रात्र लाल अक्षरांतल्या आकड्यांकडे पाहत काळजीत जाते. त्यामुळे या वेळचे सदर पूर्णपणे रक्ततपासणीला दिले आहे. पहिल्या उत्तरात रक्त तयार कसे होते ते थोडे सविस्तर लिहिले आहे, कारण पुढची उत्तरे त्यावरच उभी आहेत.

प्रश्न : आमच्या सहा वर्षांच्या लॅब्रेडोर कुत्रीला जुलैमध्ये गोचीड ताप झाला. तेव्हा प्लेटलेट 38 हजार आणि हिमोग्लोबिन 8.2 होते, आणि अहवालात 'नॉन-रिजनरेटिव्ह ॲनिमिया' असा शेरा होता. डॉक्सिसायक्लिनचा 28 दिवसांचा कोर्स पूर्ण केला. आता प्लेटलेट 2 लाख 40 हजार आहेत, हिमोग्लोबिन 11.4 आहे आणि ती रोज उपवन तलावाला फेरी मारते. पण किटवरची एर्लिकियाची चाचणी अजूनही पॉझिटिव्ह येते. दुसरा कोर्स द्यावा का? शेजारी पपईच्या पानांचा रस द्यायला सांगतात, तो द्यावा का? आणि त्या शेऱ्याचा अर्थ काय?
— एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : आधी शेऱ्याविषयी सांगतो, कारण त्या दोन शब्दांनी आपल्याला सर्वाधिक घाबरवलेले दिसते.

मटणाची नळी फोडल्यावर आत जो मऊ मगज निघतो, तीच अस्थिमज्जा. प्रौढ कुत्र्यात रक्त तयार करणारी तांबडी मज्जा मुख्यतः छातीचे हाड, बरगड्या, मणके, कमरेची हाडे आणि लांब हाडांची टोके येथे असते. तिथल्या मूळपेशींपासून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट असे तिन्ही प्रकार निपजतात, पण त्यांचे आयुर्मान अतिशय वेगवेगळे असते. कुत्र्याची तांबडी पेशी सुमारे 110 दिवस जगते, प्लेटलेट पाच ते दहा दिवस टिकते, आणि जंतूंशी लढणारी न्यूट्रोफिल नावाची पांढरी पेशी रक्तात जेमतेम काही तास राहून ऊतींमध्ये निघून जाते. म्हणून मज्जेचे काम अचानक थांबले, तर आधी न्यूट्रोफिल घटतात, मग प्लेटलेट, आणि तांबड्या पेशींची तूट दिसायला कित्येक आठवडे लागतात. पार्व्हो या विषाणूच्या आजारात पिल्लाच्या पांढऱ्या पेशी दोन-चार दिवसांत तळाला जातात तरी त्याचे हिमोग्लोबिन त्या मानाने बरे दिसते, त्याचे एक कारण हेच आहे.

तांबड्या पेशी कमी झाल्या की मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक स्रवते आणि मज्जेला उत्पादन वाढवण्याचा निरोप पोहोचतो. मज्जा सुदृढ असेल तर तीन-चार दिवसांनी रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी, रक्तात वाढलेल्या दिसू लागतात. त्या दिसल्या की ॲनिमियाला, म्हणजे तांबड्या पेशींच्या तुटीला, रिजनरेटिव्ह म्हणतात, न दिसल्या की नॉन-रिजनरेटिव्ह. या शेऱ्याला तारखेचा संदर्भ जोडल्याशिवाय अर्थ नसतो. काल अपघातात रक्त गेलेल्या कुत्र्याचा आजचा अहवाल नॉन-रिजनरेटिव्हच येणार, कारण मज्जेला उत्तर द्यायला अजून वेळच मिळालेला नाही. उलट तीन आठवडे आजारी असलेल्या कुत्र्याच्या अहवालात हाच शेरा आला, तर मज्जा दबलेली आहे असे मानून कारण शोधावे लागते. आपल्या कुत्रीच्या बाबतीत ताप आणि दाह यांमुळे मज्जेचे काम काही काळ मंदावले असावे, आणि हिमोग्लोबिन आता 8.2 वरून 11.4 झाले आहे, यावरून तो अडसर दूर होत आहे असे म्हणता येते. कुत्र्यात ते साधारण 12 ते 18 असते, म्हणजे अजून थोडी वाट शिल्लक आहे. प्लेटलेट भराभर वाढल्या आणि हिमोग्लोबिन मागे राहिले याचे वाईट वाटून घेऊ नका, तांबड्या पेशींचा साठा भरायला वेळ लागतोच.

आता किटविषयी. एर्लिकिया कॅनिस हा जीवाणू तपकिरी गोचिडीच्या चाव्यातून शरीरात शिरतो आणि पांढऱ्या पेशींमध्ये राहतो. दवाखान्यात वापरली जाणारी बहुतेक किट हा जीवाणू शोधत नाहीत, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधतात. ही प्रतिपिंडे संसर्ग बरा झाल्यावरही अनेक महिने, काही कुत्र्यांमध्ये वर्षानुवर्षे रक्तात राहतात. याची दुसरी बाजू अशी की संसर्गाच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत ती तयारच झालेली नसतात, त्यामुळे तापाने फणफणलेल्या कुत्र्याचे किट निगेटिव्ह येऊ शकते आणि पूर्ण बऱ्या झालेल्या कुत्र्याचे पॉझिटिव्ह. केवळ किटवरची दुसरी रेघ पुसली जावी म्हणून औषधाचा कोर्स पुन्हा पुन्हा देणे मला योग्य वाटत नाही, आणि असे कोर्स आपल्या शहरात सर्रास दिले जातात याची मला खंत वाटते. जीवाणू खरोखर शिल्लक आहे का हे पाहायचे असेल तर औषध थांबवल्यावर किमान दोन आठवड्यांनी जीवाणूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणी करावी आणि ती निगेटिव्ह आली तरी दोन महिन्यांनी पुन्हा एकदा करावी. तोवर महिन्याने एकदा सीबीसी, म्हणजे सर्व रक्तपेशींची मोजणी, केली की पुरे.

हा पाठपुरावा टाळू नये, कारण एर्लिकियाचा एक टप्पा लक्षणांशिवाय महिनोन्‌महिने चालू शकतो. त्यातून काही कुत्रे जुनाट अवस्थेत जातात, तेव्हा मज्जाच रिकामी होत जाते आणि तिन्ही प्रकारच्या पेशी एकदम घटतात. जर्मन शेफर्डमध्ये हा आजार अधिक तीव्र रूप घेतो. तिथवर पोहोचलेल्या कुत्र्याला वाचवणे फार अवघड जाते. मी हे घाबरवण्यासाठी लिहीत नाही, पण प्लेटलेट वाढल्या म्हणून पुढच्या तपासण्या सोडून दिलेले कुत्रे सहा महिन्यांनी नाकातून रक्त वाहत असताना टेबलावर आलेले मी पाहिले आहेत.

पपईच्या पानांच्या रसाविषयी थोडक्यात सांगतो. या आजारात प्लेटलेट कमी होतात त्या जीवाणूमुळे आणि त्याने भडकवलेल्या प्रतिकारशक्तीमुळे, आणि जीवाणू आटोक्यात आला की त्या आपोआप भरून येतात. आपल्या कुत्रीच्या भरून आल्याच आहेत. तो कडू रस जबरदस्तीने पाजल्याने उलट्या मात्र होतात. त्यापेक्षा तोच वेळ घरातल्या गोचिडी काढण्यात घालवावा. तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, सोफ्यामागे, पार्किंगच्या कोपऱ्यांत हजारोंच्या संख्येने अंडी घालते आणि तिचे सगळे जीवनचक्र इमारतीच्या आतच पूर्ण होऊ शकते. एकदा झालेल्या संसर्गाने पुढचे संरक्षण मिळत नाही, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेली गोचीडनाशक गोळी वर्षभर, हिवाळ्यातसुद्धा, चालू ठेवावी.

प्रश्न : आमच्या अकरा महिन्यांच्या मांजरीच्या नसबंदीपूर्वी रक्त तपासले. प्लेटलेट 41 हजार आल्या, म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलली. ती धडधाकट आहे आणि कुठेही रक्तस्राव नाही. दहा दिवसांनी पुन्हा तपासले तर 63 हजार. तिला कोणता आजार असावा?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : कदाचित कोणताही नसावा. आपण पाठवलेल्या दोन्ही अहवालांत यंत्राचे आकडे आहेत, पण काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा लेप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याची नोंद एकातही नाही, आणि मांजराच्या प्लेटलेटचा आकडा काचपट्टीशिवाय ग्राह्य धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे मांजराच्या प्लेटलेट जराशा धक्क्यानेही एकमेकींना चिकटून गठ्ठे करतात. मांजर धडपडले, सुई शिरेत नीट बसली नाही, रक्त थेंबाथेंबाने आले, की नळीत पोहोचण्याआधीच गठ्ठे झालेले असतात, आणि यंत्र वीस प्लेटलेटचा गठ्ठा एक पेशी म्हणून मोजते किंवा अजिबात मोजत नाही. दुसरे कारण आकाराचे. बहुतेक यंत्रे पेशी आकारावरून ओळखतात. मांजराच्या तांबड्या पेशी लहान, सुमारे साडेपाच ते सहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाच्या असतात आणि प्लेटलेट मात्र मोठ्या. दोन्हींच्या आकारांची हद्द एकमेकींत मिसळते आणि मोठ्या प्लेटलेट तांबड्या पेशींच्या खात्यात जमा होतात.

परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे 1886 सालापासून चालत आलेल्या त्या संस्थेत, विद्यार्थी असताना आम्हाला एक सवय लावली गेली ती आजही मोडलेली नाही: आकडा वाचण्याआधी लेपाचे पिसासारखे निमुळते टोक पाहायचे. गठ्ठे असतील तर तिथेच सापडतात. गठ्ठे नसतील तर सर्वांत मोठ्या भिंगाखाली दहा ठिकाणी प्लेटलेट मोजून सरासरी काढायची. एका दृश्यक्षेत्रातील एक प्लेटलेट म्हणजे रक्तात मायक्रोलिटरमागे ढोबळमानाने 15 ते 20 हजार. दहा-बारा दिसल्या की चिंता मिटली. या कामाला पाच मिनिटे लागतात.

आपण डॉक्टरांना लेप पाहण्याची विनंती करावी, त्यात काही गैर नाही. नमुना पुन्हा घ्यायचा झाल्यास मांजराला टॉवेलात गुंडाळून, शांत खोलीत, मोठ्या शिरेतून एका दमात रक्त घ्यावे, जांभळ्या झाकणाची, रक्त गोठू न देणारे ईडीटीए असलेली नळी खुणेपर्यंत भरावी आणि जोराने न हलवता हळुवारपणे आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करावी. नळी अर्धवट भरली तर ईडीटीएचे प्रमाण जास्त होऊन तांबड्या पेशी आक्रसतात आणि नसलेला ॲनिमिया कागदावर उमटतो. लेप शक्यतो तासाभरात, दवाखान्यातच करून वाळवावा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत तो पंख्याखाली लगेच वाळवला नाही तर पेशींचे आकार बिघडतात.

काचपट्ट्यांच्या बाबतीत एक चूक मी स्वतः केलेली आहे. उमेदवारीच्या काळात एका आजारी मांजराच्या काचपट्ट्या आणि दुसऱ्या कुत्र्याच्या गाठीचा फॉर्मालिनमधला तुकडा मी एकाच डब्यातून प्रयोगशाळेत पाठवला होता. फॉर्मालिनच्या वाफेने लेपांवर रंग नीट चढलाच नाही आणि त्या थकलेल्या मांजराला पुन्हा सुई टोचावी लागली. तेव्हापासून माझ्याकडे दोन्ही नमुने वेगवेगळ्या डब्यांत जातात.

प्रश्न : माझ्याकडे आठ शेळ्या आहेत. एक शेळी सुस्त झाली, जबड्याखाली सूज आली. जवळच्या माणसांच्या लॅबमध्ये ओळखीने रक्त तपासून घेतले. तांबड्या पेशी फारच कमी आणि प्लेटलेट कित्येक लाख जास्त आल्या. लॅबवाले म्हणतात रक्ताचा कॅन्सर असेल. काय करावे?
— एक शेळीपालक, घणसोली, नवी मुंबई

उत्तर : दादा, आधी हा कॅन्सरचा विचार मनातून काढून टाका. माणसाची तांबडी पेशी सात ते आठ मायक्रॉनची असते, तर शेळीची जेमतेम चार मायक्रॉनच्या आसपास. पाळीव जनावरांत सर्वांत लहान तीच. माणसासाठी लावलेल्या यंत्राला एवढी लहान पेशी तांबडी पेशी वाटतच नाही, ते तिला प्लेटलेट समजते. म्हणून एका रकान्यात तूट आणि दुसऱ्यात पूर. लॅबवाल्यांचा हेतू चांगला असेल, पण जनावराचे रक्त त्या त्या जातीची सेटिंग असलेल्या यंत्रावरच मोजावे.

तरीही आपली शेळी आजारी आहे हे खरे. पावसाळ्यात ओल्या गवतावर चरणाऱ्या शेळीला ॲनिमिया आणि जबड्याखाली पाणी धरल्यासारखी सूज एकत्र दिसली, की माझा पहिला संशय चौथ्या जठरात राहणाऱ्या हिमॉन्कस या रक्तपित्या जंतावर जातो. एक जंत दिवसाला सुमारे 0.05 मिलिलिटर रक्त खर्ची घालतो. आकडा किरकोळ वाटतो, पण पोटात हजार जंत असतील तर रोज 50 मिलिलिटर रक्त जाते. रक्तातली प्रथिने त्याबरोबर जातात, म्हणून ती सूज येते. मज्जा आपल्या परीने भरपाई करत राहते, पण लोह आणि प्रथिने संपत आली की तीही थकते.

येथे महागड्या यंत्राची गरज नाही. केसासारख्या बारीक काचनळीत रक्त भरून ती पाच मिनिटे वेगाने फिरवली की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि त्यांचा टक्का पट्टीवर वाचता येतो. यालाच पीसीव्ही म्हणतात. शेळीत तो साधारण 22 ते 38 टक्के असतो, आणि 15 च्या खाली गेला तर वेळ दवडू नये. ताज्या लेंड्यांचा नमुना डबीत घालून सोबत न्यावा, जंतांची अंडी मोजून निदान पक्के होते. कानाच्या टोकाच्या रक्ताचा लेपही करून घ्यावा, म्हणजे गोचिडीमुळे होणारे रक्तातले परजीवी असतील तर तेही दिसतील.

राहिलेल्या सात शेळ्यांचे काय, हे आपण विचारले नाही, पण ते महत्त्वाचे आहे. दक्षिण आफ्रिकेत फमाचा नावाचा रंगतक्ता तयार झाला, तो आता अनेक देशांत वापरला जातो. खालच्या पापणीच्या आतला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. गडद तांबड्याला एक, पांढऱ्या फटकाला पाच गुण. शेळीत तीन किंवा त्याहून अधिक गुण आलेल्यांनाच औषध द्यायचे. सगळ्या कळपाला दर महिन्याला एकच जंतनाशक पाजत राहिल्यास जंत त्या औषधाला दाद देईनासे होतात. दर पंधरवड्याला उजेडात प्रत्येकीची पापणी पाहण्याची सवय लावून घ्या. ही तपासणी फुकट आहे आणि या एका आजारापुरती ती माझ्या यंत्राइतकीच उपयोगी आहे.

प्रश्न : घरचे अन्न खाणाऱ्या आमच्या पॉमेरेनियनच्या अहवालात 'हाइन्झ बॉडीज' असे लिहिले आहे. हा जंतू आहे का?
— एक वाचक, खारेगाव, कळवा

उत्तर : नाही. हिमोग्लोबिन बिघडून तांबड्या पेशीच्या कडेला त्याचे जे गोळे चिकटतात, त्यांना हे नाव आहे. कांदा आणि लसूण हे त्याचे नेहमीचे कारण, मग ते कच्चे असोत, शिजवलेले असोत वा मसाल्याच्या पुडीतले. असे गोळे असलेल्या पेशी वेळेआधी फुटतात आणि कुत्रा फिकट पडतो. आमटी-भात, रस्सा, ऑम्लेट आजपासून बंद करावे आणि आठवड्याने सीबीसी पुन्हा करावी. घरात मांजर असेल तर अधिक जपावे, कारण तिचे हिमोग्लोबिन याहून नाजूक असते. मांजराला तापावर पॅरासिटामॉलची गोळी कधीही देऊ नये. तिच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमताच नष्ट होते आणि एक गोळीही जीव घेऊ शकते.

प्रश्न : आमच्या तेरा वर्षांच्या मांजराला मूत्रपिंडाचा जुना आजार आहे. पीसीव्ही 19 टक्के आहे. दोन महिने लोहाचे टॉनिक दिले, काहीच फरक नाही. मात्रा वाढवू का?
— एक वाचक, खारघर, नवी मुंबई

उत्तर : वाढवू नये. पहिल्या उत्तरात लिहिलेले एरिथ्रोपोएटिन मूत्रपिंडातच तयार होते. मूत्रपिंड झिजले की तो निरोपच मज्जेपर्यंत जात नाही. कारखाना शाबूत आहे, कच्चा माल आहे, पण मागणीपत्र आलेले नाही, अशी ही अवस्था आहे. अशा वेळी नुसते लोह पाजून मळमळ आणि बद्धकोष्ठता वाढते, आणि आधीच मंदावलेली तिची भूक आणखी जाते. मांजराची तांबडी पेशी सुमारे 70 दिवसच जगते, म्हणून तूटही लवकर साचते.

पीसीव्ही 20 च्या खाली गेला असल्याने एरिथ्रोपोएटिनसारखेच काम करणाऱ्या डार्बेपोएटिन या इंजेक्शनाविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलण्याची वेळ आली आहे. ते सुरुवातीला आठवड्यातून एकदा त्वचेखाली देतात आणि सोबत लोहाचे इंजेक्शनही देतात, कारण मज्जा कामाला लागली की तेव्हा मात्र लोहाची खरी गरज निर्माण होते. माणसांचे साधे एरिथ्रोपोएटिन स्वस्त मिळते, पण त्याविरुद्ध मांजराच्या शरीरात प्रतिपिंडे तयार होऊन उलट परिणाम होण्याचा धोका अधिक असतो. उपचार सुरू केल्यावर रक्तदाब आणि पीसीव्ही नियमित पाहावे लागतात. तेरा वर्षांच्या मांजराला दर आठवड्याला दवाखान्यात नेणे दोघांनाही जड जाते हे मी जाणतो. अनेक डॉक्टर पालकांना घरी इंजेक्शन द्यायला शिकवतात, तसे विचारून पाहावे. आणि तिच्या अंगावर पिसवा नाहीत ना, हे आज पाहून घ्यावे. उरलेले रक्त पिसवांना देणे तिला परवडणारे नाही.

प्रश्न : आमच्या संकुलात पाच मोठे कुत्रे आहेत. एखाद्या कुत्र्याला रक्त लागले तर त्यांतला कोणी देऊ शकेल का? कुत्र्यांत रक्तगट असतात का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : हा प्रश्न आणीबाणीच्या आधी विचारलात याचा मला फार आनंद झाला.

कुत्र्यांत अनेक रक्तगट आहेत. त्यांतला डीईए 1 हा सर्वांत महत्त्वाचा. कुत्र्याच्या रक्तात जन्मतः त्याविरुद्ध प्रतिपिंडे नसतात, म्हणून आयुष्यातले पहिले रक्त गट न जुळताही बहुधा सोसले जाते. परंतु त्यानंतर काही दिवसांत प्रतिपिंडे तयार होतात आणि दुसऱ्यांदा न जुळणारे रक्त दिल्यास ते जीवघेणे ठरू शकते. मांजरांत ए, बी आणि एबी असे गट आहेत आणि तिथे पहिल्या वेळीही सूट नाही. बी गटाच्या मांजराला ए गटाचे थोडे रक्त चढवले तरी ते दगावू शकते.

रक्त देणारा कुत्रा एक ते आठ वर्षांचा, 25 किलोपेक्षा जास्त वजनाचा, शांत स्वभावाचा आणि लसीकरण पूर्ण झालेला असावा. त्याला स्वतःला कधी रक्त चढवलेले नसावे. कुत्र्याच्या शरीरात किलोमागे 80 ते 90 मिलिलिटर रक्त असते, त्यामुळे एवढ्या वजनाचा सुदृढ कुत्रा 450 मिलिलिटरची एक पिशवी देऊ शकतो, मात्र त्यानंतर किमान दोन महिने त्याच्याकडून पुन्हा रक्त घेऊ नये. आपल्या भागात सर्वांत मोठी अडचण गोचिडीच्या आजारांची आहे. वरवर ठणठणीत दिसणारा कुत्रा एर्लिकिया किंवा बॅबेसिया (तांबड्या पेशींतला परजीवी) बाळगून असतो आणि त्याच्या पिशवीतून तो आजार आधीच खंगलेल्या रुग्णात जातो. म्हणून दात्याची पीसीआर तपासणी आधीच झालेली असावी, आणि ज्याला पूर्वी गोचीड ताप येऊन गेला आहे त्याला बरा झाल्यावरही या यादीतून वगळावे.

संकुलातल्या पाचही कुत्र्यांची सीबीसी, डीईए 1 गट आणि या चाचण्या सध्या सवडीने करून घ्याव्यात आणि त्यांचे वजन, लसीची तारीख व पालकांचे दूरध्वनी आपल्या नेहमीच्या दवाखान्यात लिहून ठेवावेत. प्रत्यक्ष रक्त देण्याच्या दिवशी दाता आणि रुग्ण यांचे रक्त क्रॉसमॅच करून, म्हणजे एकमेकांशी जुळते का ते, पाहायला डॉक्टरांना साधारण तासभर लागतो, तेवढा वेळ त्यांना द्यावा.